परत मागितलेली माती

"हात धुतले का?"

शेतात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला मॅडम पहिल्यांदा हे विचारत. आपण सगळे माती हाताळून झाल्यावर हात धुतो. त्या आधी धुवायला लावत. स्वतः कोपरापर्यंत धूत, नखं पाहत, आणि मग जीपमधून माती काढायचं ते लांब गिरमिट उतरवत. पहिल्या दिवशी मी हाताला डासांचं मलम चोळून गेले होते. त्यांनी लांबूनच वास घेतला आणि मला चार हात दूर उभं केलं. आमचे अध्यक्ष सर अत्तर लावून आले होते. त्यांना तर वारा जात होता त्या बाजूला, पार धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पाठवलं. "तुमचं अत्तर मातीत निघालं, तर मी रिपोर्टात काय लिहू सर?"

मी आमच्या गृहनिर्माण संस्थेची सचिव. सभासद बहुतेक शिक्षक, कारकून, पोस्टातले, बँकेतले. वर्ध्याजवळ, नालवाडीच्या पुढे आम्ही एक शेत घेतलं होतं. लेआऊट पाडायचा, प्लॉट वाटायचे, घरं बांधायची. कामं क्रमाने लावून एकेकावर काट मारायची हा माझा स्वभाव. मोजणी, एन.ए.ची परवानगी, नकाशा अशा काटा मारत मी चालले होते. मधेच आमच्यातल्या एका विज्ञानाच्या शिक्षकांनी हट्ट धरला, की आधी माती तपासून घ्या. या शेतात वर्षानुवर्षं कपाशीवर फवारण्या झाल्या आहेत, आपली नातवंडं इथे खेळणार आहेत. अध्यक्ष सर म्हणाले, "शेतीच्या जमिनीवर अख्खा जिल्हा राहून राहिला आहे, कोण मेलं?" पण सभेत हात वर झाले ते शिक्षकांच्या बाजूने. मी यादीत एक ओळ वाढवली, आणि मॅडम आल्या.

मूळच्या हिंगणघाटकडच्या, वडनेरच्या. शिकल्या, मातीच्या रसायनशास्त्रात नोकरी केली, निवृत्त झाल्यावर अशी कामं घ्यायला लागल्या. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, सुती साडीवर पुरुषी शर्ट आणि भर उन्हात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. ऑफिसात बोलताना पुस्तकासारखी भाषा. बूट चढवले की वडनेरची.

"काऊन?" म्हणजे "का?", हा त्यांचा दुसरा आवडता शब्द. इथे बाभूळ आहे, तिथे नाही, काऊन? हा धुरा सरळ येतो आणि इथेच वळतो, काऊन? ज्यांचं शेत होतं त्या काकाजींना त्यांनी सकाळभर असं पिडलं. काकाजी खाऊनपिऊन सुखी माणूस. पांढरं धोतर, इस्त्रीची टोपी. शेत विकलं ते मुलगे नागपुरात स्थिरावले म्हणून. मॅडम येणार हे कळल्यापासून त्यांची लगबग चालली होती. आम्ही गेलो तेव्हा शेत अंगणासारखं स्वच्छ होतं. धुऱ्यावरचं काटेरी झुडूप काढलेलं, विहिरीच्या काठाला चुना मारलेला, सावलीत खाट टाकून वर धुतलेली चादर.

"काकाजी, औषध कुठं कालवत होते?" मॅडमनी विचारलं. आपल्याकडे पिकावर मारायच्या विषाला औषधच म्हणतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

"असंच, माय. जिथं पाणी भेटलं तिथं. धुऱ्यानं, इकडंतिकडं."

"एक जागा नव्हती?"

"नाई नाई. चहा घ्या न आधी."

मॅडमनी शेताचे चौकोन पाडले, प्रत्येकातून माती काढली. दोन नमुन्यांच्या मधे गिरमिट धुवायचं, पुसायचं, मग पुढे. काचेच्या बरण्या, त्यावर चिठ्ठ्या, बरण्या बर्फाच्या पेटीत. त्यांचं काम पाहताना मला फार बरं वाटत होतं. नीटनेटकं काम करणारं माणूस दिसलं की मला घरच्यासारखं वाटतं. विहिरीजवळ त्यांनी एक मूठ माती तळहातावर घेतली, थोडं पाणी टाकलं, शेवयांसारखी लांब वळी केली आणि न तुटता ती बोटावरून खाली सोडली. "काय माती आहे!" म्हणाल्या. कोणी सोन्याकडेही पाहणार नाही अशा मॅडम त्या वळीकडे पाहत होत्या.

नागपूरच्या प्रयोगशाळेचे निकाल आले. काही नाही. मॅडमनी माती स्वच्छ असल्याचा अहवाल दिला, मी काट मारली.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर तसंच घर उभं केलं तर भिंती तडकतात. म्हणून लेआऊट पाडताना जेसीबी लावून वरची काळी माती काढतात आणि मुरूम भरतात. काढलेल्या मातीचा ढीग दिसला की आजूबाजूचे लोक टोपली घेऊन येतात, कुंड्यांसाठी, वाफ्यांसाठी. आमच्या ढिगापाशीही आले. मॅडम त्या दिवशी तिथे होत्या. एका बाईने विचारलं, "नेऊ का मॅडम?" मॅडम हसून म्हणाल्या, "न्या न! तपासलेली माती कुठं भेटते?" बाजूच्या वस्तीतल्या अंगणवाडीच्या सेविकाताईंनी अख्खी ट्रॉलीच नेली. त्यांना परसबाग करायची होती, मुलांच्या खिचडीत घालायला पालक, मेथी, कोथिंबीर. मॅडमनी त्यांना वाफे कसे घालायचे तेही सांगितलं.

मग नेहमीप्रमाणे जेसीबी दुसऱ्या कामावर निघून गेला. तो परत आला तोवर थंडी सरत आली होती. जाताना मॅडम मला बजावून गेल्या होत्या, "नाली खोदाले लागले की मला फोन करा. जमीन उघडली की एकदा पाहायला येते. त्याचे पैसे नाही घेत." मी फोन केला. त्या दुपारीच आल्या.

विहिरीजवळून नाली गेली होती. मॅडम तिच्या काठाने चालत होत्या, आणि एकदम थांबल्या. हात टेकून खाली बसल्या आणि नालीच्या कडेला नाक लावलं. मीही वाकले. गोडसर, डोक्यात जाणारा वास येत होता. कडेच्या मातीत सिमेंटचे तुकडे रुतलेले, त्यांत बाटल्यांच्या काचा आणि गंजलेली पत्र्याची झाकणं.

"इथं हौद होता," त्या म्हणाल्या. "औषधाचा हौद." मग जेसीबीवाल्याला हाक मारली. "दादा, इथली वरची माती काढली तेव्हा असे तुकडे निघाले होते?"

"निघाले न. फेकले बाजूले."

"आणि माती?"

"आंगनवाडीत गेली न मॅडम, ट्रॉली भरून. थोडीशीक बाया घेऊन गेल्या. तुमीच तं म्हनलं, चांगली हाय."

मॅडमनी चष्मा काढला, शर्टाने पुसला, पुन्हा घातला.

काकाजी तिथेच होते. नाली बघायला रोज येत. मॅडमनी फक्त त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या सहा फुटी माणसाची मान खाली गेली.

"म्या फोडला, माय," ते म्हणाले. "तुमी येनार म्हनून. पडका हौद, फुटके डबे, घान नुसती. घरी पाहुना येनार असला की आपन अंगन झाडतो का नाई? तिकडल्या धुऱ्याची चांगली माती आनून टाकली वरून. बरं दिसावं म्हनून केलं."

म्हणजे विहिरीजवळचा मॅडमचा नमुना त्या पांघरलेल्या मातीतला होता. तो स्वच्छच निघणार. आणि जेसीबीने ते पांघरूण आणि खालचं विष एकत्र करून उचललं होतं.

मला वाटलं, आता मॅडम काकाजींना फाडून खाणार. त्या म्हणाल्या, "मी एका उत्तरावर समाधान मानलं. दहा वेळा काऊन विचारते, तिथं एकदाच विचारलं. चूक माही आहे, काकाजी. पालक किती मोठा झाला असेल हो?" शेवटचा प्रश्न मला होता.

पालक टंच झाला होता. आम्ही अंगणवाडीत पोचलो तेव्हा सेविकाताई वाफ्यांपुढे रांगोळी काढत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वरिष्ठ बाई परसबाग पाहायला यायच्या होत्या. त्यांच्यासमोर पालक कापायचा, खिचडीत घालायचा आणि मुलांना वाढायचा, असा सगळा बेत. मॅडमना पाहून ताईंचा चेहरा फुलला. "पाहा न मॅडम, तुमच्या मातीची करामत!"

"ताई, यातली एक काडी तरी कोणी खाल्ली का?"

"नाई, उद्याच पहिल्यांदा कापून राह्यलो. काऊन?"

"ही भाजी लेकराइले देऊ नका. माती खराब निघाली. मीच चांगली म्हणून सांगितलं होतं. माझं चुकलं."

ताईंच्या हातातली रांगोळी तशीच राहिली. "असं कसं म्हनता मॅडम? एवढी हिरवी भाजी! खराब मातीत असा पालक येते का?"

"येते. पालकाले काय समजते?"

"मंग तपासा न आधी. निकाल येऊ द्या."

"निकाल येईपर्यंत उद्या होऊन जाईल. भाजीत किती उतरलं ते मलाही आज सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणूनच खायची नाही. आणि हे लेकरं त्या वाफ्यात खेळतात, तोंडात बोटं घालतात."

"मी काय सांगू उद्या बाईले? आमच्याकडे बाग नाई म्हनून?" ताईंना रडू फुटलं. त्यांनी तो पालक रोज पाणी घालून वाढवला होता. मुलांनी वाफ्यांना आपापली नावं दिली होती.

मॅडम म्हणाल्या, "उद्या मी येते. मी सांगते."

तेवढ्यात आमचे सर आले. जेसीबीवाल्याने त्यांना फोन केला होता. त्यांनी मॅडमना बाजूला घेतलं, पण त्यांचा आवाज मुख्याध्यापकाचा. बाजूला घेऊन उपयोग नव्हता. "मॅडम, तुमचा रिपोर्ट क्लीन आहे. सही तुमची आहे. आता तुम्हीच ओरडत सुटल्या, तर प्लॉट कोण घेईल? लॅबचं येऊ द्या. तोपर्यंत ताईंना सांगू, भाजीला कीड लागली. संपलं."

"कीड लागली तर त्या भाजी कापतील, माती तशीच ठेवतील आणि पुन्हा मेथी पेरतील."

"हे तुमच्याच गळ्याशी येईल. पुढे कोणी काम देणार नाही."

"येऊ द्या न सर. गळा माझा आहे. पोट त्या लेकराइचं आहे."

त्यांनी तिथेच, अंगणवाडीच्या पायरीवर बसून, माझ्याकडून कागद मागून घेतला आणि लिहिलं की माझा आधीचा अहवाल रद्द समजावा. खाली सही केली आणि कागद सरांच्या हातात दिला. सरांनी तो दोनदा वाचला. अशा कागदावर काय शेरा मारायचा, हे त्यांना उभ्या नोकरीत कोणी शिकवलं नव्हतं.

मग मॅडमनी हातमोजे चढवले, नमुन्याच्या बरण्या भरल्या, आणि पदर खोचून वाफ्यात बसून पालक उपटायला लागल्या. मुळासकट, एकेक. थोड्या वेळाने मीही बसले. सगळ्यात शेवटी ताई आल्या, नाक ओढत. वाफ्यांवर ताडपत्री टाकली, कडेने विटा ठेवल्या. मुलं खिडकीच्या गजांना लटकून पाहत होती. एकाने ओरडून विचारलं, "आजी, आमचा पालक कुठं नेऊन राह्यली?" मॅडम म्हणाल्या, "तो आजारी हाय रे बाप्पा."

दुसऱ्या दिवशी वरिष्ठ बाईंसमोर त्या खरंच उभ्या राहिल्या आणि जे होतं ते सांगितलं. बाई आधी चिडल्या, मग त्यांनी आजूबाजूच्या अंगणवाड्यांची माती कुठून आली त्याची चौकशी सुरू केली.

उरली होती टोपल्यांतून गेलेली माती. मी वस्तीत विचारत घरं शोधली, आणि आम्ही दोघी दारोदार माती परत मागत फिरलो. असं काम मी पूर्वी केलं नव्हतं, पुढेही करणार नाही. एकाने जुन्या कूलरच्या टाकीत मेथी पेरली होती. त्याने आधी आमच्याकडे, मग टाकीकडे पाहिलं आणि बायकोला हाक मारली, "अवो, इकडे ये, माती वापस मांगाले आल्या!" एका आजींची वांगी होती, काळीभोर, दोन तर तोडायला आलेली. त्या काही ऐकेनात.

"देल्लेली वस्तू वापस मांगते का कोनी?"

"मांगते आजी. मी मांगून राह्यली."

"लाज नाई वाटत?"

"लई वाटते. म्हनून तं स्वतः आली, दुसऱ्याले नाई पाठवलं."

आजींनी खूप वेळ त्यांना न्याहाळलं. मग चहा ठेवला. चहा होईपर्यंत मी वडनेरची, तुम्ही मूळच्या तळेगावच्या, तिकडची संत्री, अशा गप्पा झाल्या, आणि चहा संपल्यावर आजींनी स्वतःच ती वांगी उपटून पोत्यात टाकली. "जळो," म्हणाल्या. ते वांग्यांना की मॅडमना, ते आम्ही विचारलं नाही.

निकाल आले. विहिरीजवळची माती फार वाईट निघाली, आणि अंगणवाडीच्या वाफ्यातही तेच विष होतं. सरांनी कागद वाचला आणि माझ्याकडे सरकवला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः ताईंकडे गेले आणि मुलांसाठी केळी घेऊन गेले. पण सर ते सर. विहिरीजवळची जागा खणून माती बंद डब्यांतून घातक कचऱ्याच्या ठिकाणी पाठवायची ठरली, तसे म्हणाले, "त्या कोपऱ्यात आता ओपन स्पेस काढू. थोडी झाडं, एक घसरगुंडी." आपल्याकडे लेआऊटमधला निकामी कोपरा नेहमी ओपन स्पेसला जातो. मॅडमनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. सर म्हणाले, "बरं, रस्ता नेऊ तिथून." तो रस्ता आज आहे.

काकाजींना मॅडमनी पुन्हा शेतात बोलावलं. "आता सगळं दाखवा. घाण तेवढीच दाखवा." दोघं दिवसभर फिरले. अजून एक जागा निघाली, डबे पुरलेली. हौदापाशी काकाजी थांबले. "फवारनीचे माहे कपडे ती इथंच धुवाची," म्हणाले. ती म्हणजे त्यांची बायको. बरीच वर्षं झाली जाऊन. मॅडमनी गिरमिट खाली ठेवलं आणि काकाजींना चालावंसं वाटेपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या.

अंगणवाडीचे वाफे मात्र रिकामे होते. खराब माती खोलवर काढून नेली होती, आणि ताई आता कोणाचीही माती घ्यायला तयार नव्हत्या. मार्चच्या शेवटी एक ट्रॅक्टर आला. मॅडम ट्रॉलीवर, मातीच्या ढिगावर छत्री उघडून बसलेल्या. ताई दारात आडव्या झाल्या. "कुठली हाय? तपासली का? कोनी कोनी सांगितलं चांगली म्हनून?" मॅडमना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. "असंच इचारा ताई, मलेही इचारा," म्हणत त्यांनी पिशवीतून प्रयोगशाळेचा कागद काढून दिला. माती माझ्या माहितीतल्या शेताची आहे, तिथे कधीच औषध मारलेलं नाही, एवढंच सांगितलं. कुठलं शेत, ते मीही विचारलं नाही. काट मारायची घाई होती.

पुढच्या थंडीत मुलांनी त्यातला पालक खाल्ला. मॅडम आल्या होत्या. पंगतीत शेवटी मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय."

सरांचं एक म्हणणं खरं झालं. मॅडमना नंतर कामं कमीच मिळाली. स्वतःचाच अहवाल रद्द करणारी बाई कोणाला परवडते? मी फोनवर तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "बरं झालं, गुडघे दुखतात." गुडघेच दुखतात असं आम्हीही समजत होतो. आजार दुसराच होता, आणि तो फार थांबला नाही.

त्या गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, मी, सर आणि सेविकाताई वडनेरला गेलो. मेणबत्त्या, फोटो, वंदना, मग जेवण. काकाजी आधीच येऊन एका कोपऱ्यात बसले होते. निघताना मॅडमचे धाकटे भाऊ म्हणाले, "तुमी वर्ध्याचे न? चला, शेत पाहून घ्या." लहानसं शेत, बापाचं. भावाने आम्हाला धुऱ्यावर उभं केलं आणि बोट दाखवलं.

"तिथली माती नेली आमच्या ताईनं तुमच्या लेकराइसाठी. जेसीबी लावू नाई देल्ला. फावड्यानं काढली, वरची वरची, चांगली तेवढी. मी म्हनलं, अवो, आपल्याच शेताले काऊन उघडं करतं? तं म्हने, दुसऱ्या कोनाच्या मातीची खात्री देऊ?"

चहूकडे डोक्याएवढी उंच तूर पिवळ्या फुलांनी भरली होती. मधे तेवढा चौकोन बुटका, मांडीपर्यंत आलेला. वाऱ्याने भोवतालची तूर हलली की तो दिसेनासा होई, वारा थांबला की पुन्हा दिसे. सेविकाताई धुऱ्यावरून उतरून त्या चौकोनाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. त्या बुटक्या झाडांनाही फुलं आली होती.